पिकात उमटलेलं कडं

निपाणीला जाताना मी बसच्या खिडकीतून शेतं बघतो. हिरवी, पिवळी, बस्स! पण याच रंगांत इतिहास वाचणारा एक माणूस आपल्या मुंबईत जन्मला होता, ओ. जी. एस. क्रॉफर्ड.

जन्म १८८६ चा. वडील ठाण्यात न्यायाधीश. आई थोड्याच दिवसांत गेली. तीन महिन्यांचं पोर इंग्लंडला नेलं, आत्यांनी वाढवलं. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानातून टेहळणी केली. १९१८ मध्ये जर्मनांच्या कैदेत पडले. १९२० पासून ते ब्रिटिश नकाशा खात्यात पुरातत्त्व अधिकारी होते.

हवाई फोटोंचं मोल त्यांनी ओळखलं. बुजलेल्या चरात ओल टिकते, म्हणून तिथलं पीक उंच, गर्द येतं. खाली दगड असला तर लवकर पिवळं पडतं. इतिहासपूर्व थडग्याचा उंचवटा नांगरानं सपाट झाला, तरी भोवतीचा चर पिकात कड्यासारखा उमटतो.

पण फोटोवर ते थांबले नाहीत. १९२३ मध्ये स्टोनहेंजच्या प्राचीन वाटेचा हरवलेला भाग फोटोत दिसला, तेव्हा खणून खात्री केली. १९५७ मध्ये ते वारले.

कडं म्हणजे नुसती शक्यता. पुरावा मातीत असतो. आपल्याकडे जेसीबी आधी पोचला, तर खणायला उरणार काय?