आपल्या सुरांत ईश्वराचे गान
रेव्हरंड नारायण वामन टिळक

आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थना होते. पेटीवर सूर धरला जातो, तबल्यावर ठेका पडतो, आणि शेकडो मुलेमुली एका कंठाने मराठी भजन म्हणतात. ह्यात कोणास काही नवल वाटत नाही. परंतु ख्रिस्ती उपासनेत मराठी चाल, टाळ आणि मृदंग ह्यांना जागा असावी की नसावी, हा एके काळी महाराष्ट्रातील मंडळ्यांमध्ये मोठ्या वादाचा विषय होता. ह्या वादाचा निकाल ज्यांच्या लेखणीने व कंठाने बहुतांशी लागला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून विद्यार्थ्यांस त्यांची ओळख आहेच. फुलांविषयी व मुलांविषयी त्यांनी लिहिलेल्या कविता पाठ्यपुस्तकांतून पुष्कळांनी पाठ केल्या असतील. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र थोड्यांस ठाऊक आहे, आणि तीच आम्ही येथे सांगू इच्छितो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव फार कडक. आई जानकीबाई मात्र भाविक व कोमल मनाच्या होत्या. मुलाला कवितेची गोडी लागली ती त्यांच्यामुळे. आई लवकर गेली आणि घर सुटले. कल्याणहून हा मुलगा पायी नाशकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत शिकला. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका ही त्यांची पत्नी झाली. ह्याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. संसार सुरू झाला, परंतु टिळकांचे पाऊल कोठे स्थिरावेना. आज ह्या गावी शिक्षक, तर उद्या दुसऱ्या गावी पुराणिक किंवा कीर्तनकार, असा त्यांचा क्रम चालला. त्यांच्या ह्या भटकंतीबद्दल लक्ष्मीबाईंनी पुष्कळ थट्टा केली आहे आणि ती रास्तही आहे. तरी आम्हांस वाटते की, देवळाच्या सभामंडपात उभे राहून श्रोत्यांस रात्र रात्र खिळवून ठेवण्याची विद्या त्यांनी ह्याच काळात संपादिली.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथील धनाढ्य गृहस्थ अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाखाली त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले व 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. पुढे नोकरीच्या शोधात ते राजनांदगावास निघाले. आगगाडीत त्यांची एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांस नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होते, असे आता मानले जाते. ज्या मिशनने यवतमाळ जिल्ह्यात कार्य केले, तेच हे मिशन. म्हणून हा प्रसंग आम्हां यवतमाळकरांस थोडा घरचा वाटतो.

भाकीत खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशीय पाद्र्याच्या हातून नको, आपल्या देशबांधवाच्या हातून हवा, असा त्यांचा आग्रह होता, आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्यांनी तो विधी केला. पुढील सर्व कार्याचे बीज ह्या एका आग्रहात दिसते. आप्तेष्टांनी त्यांचा त्याग केला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक दिवस पंढरपुरी राहिल्या. जेथे अहोरात्र अभंग निनादतात त्या गावी पत्नी, आणि परक्या चालींच्या मंडळीत पती, अशी ही ताटातूट सुमारे पाच वर्षे चालली. अखेर लक्ष्मीबाई आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरास (हल्लीच्या अहिल्यानगरास) अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात शिरले. डॉक्टर ह्यूम ह्यांनी चालविलेल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत. १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. येथे त्यांच्या कानांस जे ऐकू आले त्याने त्यांचे मन अस्वस्थ झाले. मंडळीत गाइली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती इंग्रजी चालींवरच म्हटली जात. आता इंग्रजी भाषा आघातावर चालते, तर मराठीचे पद्य ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरांच्या संख्येवर चालते. परक्या चालीत मराठी शब्द बसवावयाचे म्हणजे दीर्घ अक्षर आखूड स्वरावर आपटते, ऱ्हस्व अक्षर उगाच लांबते, आणि शब्दाचा चेहरामोहरा ओळखू येत नाही. शिवाय ती गीते मुळात चार निरनिराळ्या आवाजांच्या मेळाकरिता रचलेली. तो मेळ साधला तर फार गोड लागतो, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु खेड्यातील मंडळीत तो साधावा कसा? तेव्हा मेळ नाही आणि आपली चालही नाही, अशी स्थिती होई.

ह्याच्या जोडीस आमच्या घरच्या अभंगाची रचना पाहावी. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक. एवढे नियम सांभाळले की ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा शेतकऱ्यासही तो पहिल्याच ऐकण्यात उचलता येतो. एकाने चरण म्हणावा, दहांनी धृपद धरावे, टाळांनी लय बांधावी आणि मृदंगाने ती पुढे न्यावी. येथे गाणारे एकीकडे व ऐकणारे दुसरीकडे असा भेदच उरत नाही.

टिळकांनी हेच साधन हाती घेतले. अभंग, ओवी, पद, साकी, दिंडी, आर्या, श्लोक ह्या सर्व रूपांत त्यांनी ख्रिस्ताची भक्ती गाइली. कीर्तनाचा साचाही त्यांनी तसाच उचलला. प्रथम नमन, मग पूर्वरंगात एखाद्या तत्त्वाचे निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, आणि मागे झांजमृदंगाची साथ. केवळ आख्यानातील कथा शुभवर्तमानातील. ही कल्पना सर्वस्वी त्यांचीच होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या आधी एक पिढी कृष्णराव रत्नोजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तने रचली व केली होती. आणि त्याहून किती तरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स ह्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले होते. वाट पूर्वी पडलेली होती. तिच्यावर गवत माजले होते, ते काढून टिळकांनी ती रहदारीची केली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहात एकट्या त्यांची अडीचशेहून अधिक गीते आहेत. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते उघडपणे सांगत, आणि त्यांचे अभंग वाचताना ह्याची साक्ष पटते.

परंतु हे कार्य सर्वांस रुचले असे नाही. विरोध करणारे सारेच अरसिक किंवा साहेबी थाटाचे होते असे समजणेही चुकीचे ठरेल. बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी पुष्कळजण गावकुसाबाहेरील वस्तीतले होते. देवळातील मृदंग त्यांनी बाहेरून ऐकला होता, कारण आत जाण्याची त्यांना मनाई होती. हलगी, डफ, संबळ ही वाद्ये त्यांच्या हातची खरी, पण ती वाजविणे हे गावकीने त्यांच्यावर लादलेले काम होते. लग्न असो की मयत, बोलावणे आले की गेलेच पाहिजे, आणि बदल्यात उरलेसुरले अन्न. अशा माणसास नव्या धर्मात परके वाजंत्र आणि परकी चाल ऐकून मोकळे वाटले असल्यास त्यास दोष कोण देईल? टिळक ब्राह्मण कुळात जन्मले होते. त्यांच्या स्मृतीत मृदंगाचा नाद होता, त्याबरोबर येणारी ही जखम नव्हती. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत विचार करण्यासारखा भाग आहे. त्यांचे गाणे तरी ह्या लोकांनी आपलेसे केले, ह्याचे कारण ते एका जातीच्या देवळातले गाणे राहिले नव्हते. त्यात उभे राहून टाळ वाजविण्याचा हक्क सर्वांस सारखा होता. हक्काने वाजविलेले वाद्य आणि वेठीने वाजविलेले वाद्य ह्यांचा नाद एक असला तरी वाजविणाऱ्यास तो एक वाटत नाही.

असाच पेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकासही पडला होता. पूर्व आफ्रिकेत ढोलास न्गोमा म्हणतात. जन्म, लग्न, कापणी, राज्यारोहण ह्यांपैकी काहीही त्याच्यावाचून होत नसे. तेथे गेलेल्या मिशनऱ्यांपैकी अनेकांनी ढोल हे जुन्या देवधर्माचे वाद्य समजून त्यास उपासनेतून दूर ठेविले, व भाषांतरित गीते इंग्रजी चालींवर शिकविली. तेथील पुष्कळ भाषांत शब्दाचा स्वर चढला किंवा उतरला तर अर्थ पालटतो. त्यामुळे परक्या चालीने कधी कधी शब्दाचा अर्थच हरवे. पुढे तेथील लोकांनीच ढोल परत आणिला. युगांडाचे संगीतकार जोसेफ क्यागांबिड्वा ह्यांनी आपल्या देशातील हुतात्म्यांवर आफ्रिकी सुरांत मोठे संगीतकाव्य रचले, आणि १९६४ साली रोम येथे त्या हुतात्म्यांस संतपद देण्यात आले तेव्हा ते तेथे गाइले गेले. टिळकांस जाऊन तेव्हा ४५ वर्षे झाली होती.

१९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. त्यांच्या घरी तरुण कवींची ये-जा असे. बालकवी ठोमरे तर त्यांच्या कुटुंबात मुलासारखे राहिले. घरात पैसा कधी टिकला नाही. दारी आलेल्यास हाती असेल ते देऊन टाकावे आणि संध्याकाळची चिंता लक्ष्मीबाईंनी करावी, अशी वाटणी होती. ही वाटणी आम्हांस तरी न्याय्य वाटत नाही, पण लक्ष्मीबाईंनी ती हसतमुखाने निभावली खरी.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वृत्तीने संन्यासी होऊन ते साताऱ्यास राहू लागले व तेथे 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. मिशनमधील काही स्नेह्यांस हे धाडस वाटले, तर जुन्या समाजाला ते आधीच परके झाले होते. दोन्हीकडून संशयाने पाहिले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी अखेरच्या दोन वर्षांत पुरते अनुभविले. तरी भजन थांबले नाही. प्रकृती मात्र ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. वय अवघे ५७.

आमच्या जिल्ह्यात संध्याकाळी एखाद्या खेड्यावरून जावे, तर कोठे खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन चाललेले असते, कोठे बंजारा तांड्यावर होळीच्या दिवसांत डफावर लेंगी रंगात आलेली असते, कोठे कोलामांच्या पोडावर ढेमशाचा फेर धरलेला असतो. ह्यांपैकी कित्येक चाली कागदावर उतरलेल्या नाहीत. म्हातारी माणसे आहेत तोवर त्या आहेत. ज्या विद्यार्थ्यांच्या आजीआजोबांस अशी गाणी येतात, त्यांनी ह्या उन्हाळ्याच्या सुटीत ती शब्दशः लिहून आणावी व शक्य तर चालीसह म्हणून दाखवावी. आमच्या पुढील अंकात त्यांना अवश्य जागा देऊ.

टिळकांचे एक काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले, पण सुमारे अकरा अध्यायांपर्यंत येऊन लेखणी थांबली. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ह्या बाईंनी कोणत्याही शाळेत शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांस अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, नवऱ्याच्या शिकवण्याने. त्यांनी एक एक करीत चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्या निवर्तल्या तेव्हा शेवटचा अध्याय तेवढा उरला होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजे पंढरपुरी आईबरोबर राहिलेला तो दत्तू, ह्यांनी लिहून ग्रंथ पुरा केला.