रिश्टर नावाचा माणूस

भूकंप झाला की पेपरात 'इतक्या रिश्टरचा धक्का' असं छापून येतं. पण हे रिश्टर कोण? मी अकोले तालुक्यातला, 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या परिसरातला. त्यामुळे धरण आणि भूकंप हा विषय मला जवळचा.

चार्ल्स रिश्टर यांचा जन्म 1900 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. शिकले भौतिकशास्त्र, नाद मात्र ताऱ्यांचा. 1927 मध्ये ते पासाडेनाच्या भूकंप प्रयोगशाळेत रुजू झाले. तोवर भूकंपाचा जोर मुख्यतः पडझडीवरून आणि लोकांच्या सांगण्यावरून ठरायचा. ताऱ्यांची प्रत आकड्यात सांगतात, मग भूकंपाची का नको? 1935 मध्ये त्यांनी आपली मापनश्रेणी मांडली. लॉगॅरिथमची युक्ती सहकारी बेनो गुटेनबर्ग यांची. आकडा 1 ने वाढला की कंपनं 10 पट, ऊर्जा सुमारे 32 पट. नाव मात्र एकट्या रिश्टरांचं झालं!

पुढे दोघांनी नियम दिला : आकडा 1 ने कमी, तर धक्क्यांची संख्या साधारण 10 पट. हाच नियम कोयनेत उपयोगी पडला. 1962 पासून तिथे पाणी साठू लागलं, धक्के जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6 हून मोठा भूकंप झाला. सुमारे 200 माणसं गेली. तिथे लहान धक्क्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त निघालं. जलाशयामुळे भूकंप चाळवला गेला, याचा तो एक पुरावा ठरला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूच्या उपशामुळे धक्के बसत. 2012 चा धक्का फक्त 3.6 चा, पण उथळ असल्याने घरांना तडे गेले. 2024 मध्ये तिथला उपसा कायमचा बंद झाला.

रिश्टर 1970 मध्ये निवृत्त झाले. भूकंपाच्या भाकितांवर त्यांचा विश्वास नव्हता. घरं नीट बांधा, हा त्यांचा आग्रह. 30 सप्टेंबर 1985 रोजी ते वारले. बरोबर 8 वर्षांनी, त्याच तारखेला किल्लारी हादरलं. आकडा जवळपास कोयनेएवढाच, पण दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गाडली गेली.

तशा भिंती आमच्या तालुक्यातही आहेत. सिव्हिलवाल्यांनो, डिग्री घेऊन बाहेर पडलो की आधी त्यांच्याकडे बघू या.