टर्बोचा शोध लावणारा माणूस, ज्याला गाडीतला टर्बो बघायला मिळालाच नाही

थंड इंजिन सुरू केलं की टक-टक आवाज, गाडीचा पिकअप गेलेला. मेकॅनिक सांगतो की मॅनिफोल्डला क्रॅक गेलाय. मग इंजिन गार होऊ द्यायचं, पत्र्याचं कव्हर काढायचं, टर्बोच्या ऑइल-कूलंटच्या नळ्या सोडवायच्या आणि गंजलेल्या नटांवर तेल मारून वाट बघायची. घाई केली की स्टड तुटून हेडमध्येच अडकतो. मग एका भेगेचं काम चौपट होतं.

पण एवढ्याशा भेगेने पिकअप का जातो? याचं उत्तर आल्फ्रेड ब्युखी या स्विस माणसाच्या आयुष्यात सापडतं.

ब्युखीचा जन्म १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रशाळेतून तो १९०३ मध्ये इंजिनियर झाला. तेव्हा इंजिनात जाळलेल्या इंधनाची बरीचशी उष्णता धुरासोबत बाहेर जायची (आजही जाते म्हणा). ब्युखीच्या डोक्यात हेच बसलं. धुराच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. १९०५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. वय अवघं २६!

पुढची वीस वर्षं मात्र कसोटीची होती. तो सुल्झर कंपनीत प्रयोग करत राहिला. १९१५ च्या सुमाराचा नमुना हवेचा दाब टिकवू शकला नाही. कल्पना बरोबर होती, पण काळ तिच्या मागे होता.

खरी कमाल १९२५ ची, आणि आपल्या मते हीच त्याची सगळ्यात हुशार चाल. प्रत्येक सिलिंडरमधून धूर सलग येत नाही, धक्क्या-धक्क्याने येतो. सगळे सिलिंडर एकाच मोठ्या नळीत सोडले की हे धक्के एकमेकांना मारतात. ब्युखीने सिलिंडरचे गट पाडले, प्रत्येक गटाला वेगळी अरुंद नळी दिली. धक्का न विरता थेट टर्बाइनवर पोचला. म्हणजे मॅनिफोल्ड ही नुसती धूर बाहेर सोडायची नळी उरली नाही, ती टर्बोचाच भाग झाली. तिला भेग पडली की तो जोर टर्बाइनपर्यंत पोचण्याआधीच निसटतो.

त्याच दशकात ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसले. ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली. त्यानंतर जहाजं, रेल्वे, वीजकेंद्रं सगळीकडे टर्बो पोचला.

ऑक्टोबर १९५९ मध्ये ब्युखी विंटरथूरमध्येच वारला. टर्बोवाल्या पहिल्या पॅसेंजर कार, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर, अमेरिकेत विकायला आल्या १९६२ मध्ये.