बांबूचे विमान

‘चिमणी उडाली भुर्र’ हा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असाल. ब्राझील देशातील मुलेही असाच खेळ खेळत. कबुतर उडते, असे कोणी पुकारले की बोट वर करायचे. पण न उडणाऱ्या प्राण्याच्या नावाला बोट वर गेले, तर दंड भरावा लागे. त्यांतील एक मुलगा मात्र, माणूस उडतो असे पुकारताच हटकून बोट वर करी आणि दंड भरण्यास साफ नकार देई. त्याचे नाव आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ.

आल्बेर्तोचा जन्म २० जुलै १८७३ रोजी झाला. त्याच्या वडिलांचे कॉफीचे विस्तीर्ण मळे होते. बाराव्या वर्षीच तो मळ्यातील आगगाडीचे इंजिन चालवू लागला. पुढे अपघाताने अपंग झालेल्या वडिलांनी मळा विकला, मुलाला त्याचा वाटा दिला आणि पॅरिसला जाऊन यंत्रविद्या शिकण्यास सांगितले.

पॅरिसमध्ये आल्बेर्तोंनी इंजिन जोडलेली वायुनौका तयार केली. ८ ऑगस्ट १९०१ रोजी अशी एक नौका इमारतीवर आदळून फाटली; अग्निशामक दलाने त्यांना दोराने वर ओढून वाचवले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९ ऑक्टोबर रोजी नव्या नौकेतून त्यांनी आयफेल मनोऱ्याला वळसा घातला आणि बक्षिसाची रक्कम आपले कामगार व पॅरिसमधील गरीब यांना वाटून टाकली. त्या वेळी बालपणीच्या एका मित्राने पत्र लिहून त्यांना त्या जुन्या खेळाची आठवण करून दिली.

अमेरिकेत राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवले होते. आल्बेर्तोंनी २३ ऑक्टोबर १९०६ रोजी पॅरिसमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत, सुमारे ६० मीटर उड्डाण केले. पण त्यांचे लाडके विमान याहून खूप लहान होते. बांबूचा सांगाडा, रेशमी कापडाचे पंख, डोक्यावर इंजिन आणि पंखाखाली एकच माणूस! वैमानिक अंग झुकवी, तेव्हा त्याच्या कोटाच्या पाठीत अडकवलेली दांडी हले, तारा ताणल्या जात आणि पंखाला पीळ बसून तोल सावरे. टाचणी या नाजूक कीटकाच्या फ्रेंच नावावरून हे विमान ‘दम्वाझेल’ म्हणून ओळखले जाई. त्याचे हक्क आल्बेर्तोंनी स्वतःकडे राखले नाहीत. ज्याला हवे त्याने ते बांधावे, म्हणून आराखडे सर्वांना खुले केले. १९१० मध्ये एका अमेरिकन मासिकात ते छापून आले.

त्याच वर्षी आजारपणामुळे त्यांचे उड्डाण थांबले. पुढे महायुद्धात विमानांतून बाँब पडू लागले, तेव्हा त्यांच्या जिवाला यातना झाल्या. विमानांचा शस्त्र म्हणून वापर थांबवावा, अशी विनंती त्यांनी १९२६ मध्ये राष्ट्रसंघाला केली. परंतु ती फलद्रूप झाली नाही. १९३२ मध्ये त्यांच्या मायभूमीतच यादवी पेटली आणि विमाने देशबांधवांवरच धावून गेली. त्याच दिवसांत, २३ जुलै रोजी, आजाराने व दुःखाने खचलेल्या या संशोधकाचा अंत झाला.

आज अनेक हौशी माणसे घरच्या घरी लहान विमान बांधून केवळ आनंदासाठी आकाशात विहार करतात. आल्बेर्तोंना विमान हवे होते ते असेच.