दारातून परत वळलेली आई

एम.ए.ला मानसशास्त्र घेतले तेव्हा परीक्षेत कार्ल रॉजर्सवर टीप हमखास यायची. समानुभूती, विनाशर्त स्वीकार आणि सच्चेपणा, या तीन गोष्टी लिहिल्या की गुण पदरात. मीही लिहिल्या, गुणही मिळवले. पुढे प्रात्यक्षिकासाठी एका संस्थेत बसू लागले. पहिल्याच आठवड्यात एक बाई दहावीतल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा तोंड उघडेना, म्हणून मीच बोलत सुटले. अभ्यासाचे वेळापत्रक, झोपेचे महत्त्व, आईवडिलांचे कष्ट, काही म्हणून सोडले नाही. बाई मान हलवत होत्या. जाताना त्यांनी माझे आभार मानले आणि पुन्हा कधी फिरकल्या नाहीत.

आपला शब्दच पाहा ना. समुपदेशन! त्याच्या पोटातच उपदेश बसला आहे. आणि उपदेश करायला आपल्याकडे विद्यापीठात जावे लागत नाही. त्या रात्री मी रॉजर्स पुन्हा वाचायला घेतला. या वेळी परीक्षा नव्हती.

हा माणूस शिकागोजवळच्या ओक पार्कचा. जन्म ८ जानेवारी १९०२, सहा भावंडांतला चौथा. घर सुखवस्तू, पण धर्माने करकचून बांधलेले. दारू, पत्ते, नाच, नाटक सगळे वर्ज्य. कार्ल बारा वर्षांचा असताना वडिलांनी शहराबाहेर शेत घेऊन तिथेच बिऱ्हाड हलवले. मित्र नसलेला हा मुलगा रानातले पतंग गोळा करी आणि गुरांच्या खाद्यावरचे जाडजूड शास्त्रीय ग्रंथ वाची. प्रयोग करून पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय त्याला मानसशास्त्राने नव्हे, शेतीने लावली.

१९१९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने नाव घातले तेही शेतीशास्त्रासाठीच. मग धर्मोपदेशक व्हायचे ठरले आणि विषय बदलून इतिहास आला. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी तो चीनला गेला. त्या काही महिन्यांत वेगवेगळ्या विचारांच्या माणसांशी बोलता बोलता घरचा धर्म अंगावरून गळून पडला. पदवी १९२४ ची. त्याच वर्षी बालमैत्रीण हेलनशी लग्न झाले आणि दोघे न्यूयॉर्कला आले. तिथे युनियन सेमिनरीत धर्मशास्त्र शिकताना मन रमेना, तेव्हा रस्त्यापलीकडच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात तो मानसशास्त्राच्या तासांना जाऊन बसू लागला. दोन वर्षांत मुक्कामच तिकडे हलला. शेती, इतिहास, धर्म आणि मग मानसशास्त्र! आपल्याकडे एवढ्या वेळा शाखा बदलणाऱ्या मुलाचे नातेवाइकांनी काय केले असते, ते सांगायला नको.

१९२८ मध्ये रॉचेस्टरला मुलांसाठीच्या एका संस्थेत त्याला नोकरी लागली. तिथे बारा वर्षे गेली. मुले चोऱ्या करणारी, पळून जाणारी, मार खाल्लेली. १९३१ मध्ये पीएच.डी. मिळाली, पण खरी पदवी तिथेच एका आईने दिली असे मला वाटते.

तिचा मुलगा महाव्रात्य होता. रॉजर्सच्या मते निदान स्वच्छ होते: मुलाच्या लहानपणी आईने त्याला मनातून नाकारले होते. हे तिला पटावे म्हणून त्याने किती बैठका घेतल्या! हळुवारपणे सांगितले, पुरावे जुळवून दाखवले. बाई हुशार होत्या, पण गाडी पुढे सरकेना. शेवटी त्याने प्रांजळपणे कबूल केले की, दोघांनीही प्रयत्न केला, यश आले नाही, तेव्हा आता थांबावे. त्यांनाही ते मान्य होते. हस्तांदोलन झाले. बाई दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि विचारले, की इथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते का? मिळते म्हटल्यावर खुर्चीवर परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराची मोडतोड सांगू लागल्या. इतक्या बैठकांत जे आले नव्हते, ते सगळे. पुढे त्या सावरल्या, मुलगाही सुधारला.

दुखते कुठे, हे त्या बाईंना ठाऊक होते. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला नव्हते. रॉजर्सची पुढची सारी मांडणी या एका दुपारभोवती फिरते.

१९४० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. १९४२ च्या पुस्तकात त्याने एका माणसाच्या आठही मुलाखती शब्दन् शब्द छापल्या. त्या काळी तबकडीची एक बाजू काही मिनिटांत संपे, म्हणून दोन यंत्रे आलटून पालटून चालवावी लागत. बंद दाराआड काय चालते ते उघड करून दाखवण्याची तोवर रीतच नव्हती. समोरच्याला रुग्ण म्हणायचे नाही, हा आग्रहही त्याचाच.

१९४५ पासून शिकागो विद्यापीठात त्याचे समुपदेशन केंद्र गाजू लागले. १९४७ मध्ये तो अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचा अध्यक्ष होता. आणि मग, चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस, हा ऐकणारा माणूसच कोलमडला. एका अतिशय आजारी स्त्रीचे ऐकता ऐकता ती कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो, हेच त्याला कळेना. तिला घाईघाईने एका सहकाऱ्याच्या हवाली करून तो हेलनबरोबर गाडीत बसला आणि दोन-तीन महिने परतलाच नाही. परतल्यावर केंद्रातल्याच एका सहकाऱ्यासमोर तो स्वतः मदत घेणारा म्हणून बसला. आपण नालायक आहोत, ही भावना किती जुनी आहे, हे त्याला तिथे कळले. ही गोष्ट त्याने लपवली नाही, याचे मला त्याच्या सगळ्या पुस्तकांहून अप्रूप वाटते. सच्चेपणा हा टिपेतला तिसरा मुद्दा मला त्या पानावर समजला.

पुढे पुन्हा विस्कॉन्सिन, तिथे मनोरुग्णांवरचा फसलेला-रखडलेला मोठा प्रकल्प, आणि मग कॅलिफोर्नियातले ला होया. उतारवयात तो बेलफास्टच्या कॅथलिक-प्रोटेस्टंटांना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवत हिंडला. पडून कमरेचे हाड मोडल्याचे निमित्त झाले आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी तो गेला.

माझ्याकडे आता कुणी उठून निघाले, की मी फाईल लगेच मिटत नाही. माणूस दाराबाहेर पडेपर्यंत बसून राहते. कुणी कुणी वळतात.