महात्मा जोतीराव फुले आणि ‘गुलामगिरी’ : एका पुस्तकाची गोष्ट



पुस्तकाच्या सुरुवातीला एक छोटं पान असतं. लेखक ते पुस्तक कुणाला तरी अर्पण करतो. कुणी आईवडिलांना करतो, कुणी गुरूंना करतो. त्या पानाला अर्पणपत्रिका म्हणतात. आपण बहुतेक वेळा ते पान न वाचताच उलटतो. पण आज त्याच पानापासून सुरुवात करू या.

१८७३ साली आपल्या पुण्यातल्या एका माणसानं मराठीत पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं थेट अमेरिकेतल्या लोकांना! तो माणूस कधी अमेरिकेला गेला नव्हता. मग त्यानं असं का केलं असेल? हा माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले आणि पुस्तक म्हणजे ‘गुलामगिरी’.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. जोतीराव वर्षाचेही नव्हते तेव्हा आई वारली. सगुणाबाईंनी त्यांना सांभाळलं. थोडं शिक्षण झालं आणि वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं त्या काळी लोक म्हणायचे. जोतीराव मळ्यात काम करू लागले. पण शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी या मुलाची हुशारी ओळखली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या शाळेत. विचार करा, त्या दोघांनी वडिलांशी बोलायचं टाळलं असतं तर?

शाळेत त्यांना इंग्रजी आलं आणि जगाची खिडकीच उघडली. मित्रांसोबत त्यांनी थॉमस पेन यांचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं. माणूस म्हणून सगळे सारखे, हा विचार मनात पक्का बसला. त्याच सुमारास एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते गेले, तर तिथं जातीवरून त्यांचा अपमान झाला. पुस्तकात वाचलेलं एक आणि रस्त्यावर दिसतंय ते भलतंच!

जोतीराव नुसते चिडून बसले नाहीत. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. या कामात काही ब्राह्मण मित्रही सोबत होते, आणि वाडा देणारे तात्यासाहेब भिडेही. पण समाजाचा रोष इतका होता की वडिलांनी या नवराबायकोला घर सोडायला लावलं. तरी शाळा वाढत गेल्या. महार, मांग मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. १८६८ मध्ये तर आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. आजच्या महात्मा फुले पेठेत, म्हणजे तेव्हाच्या गंज पेठेत, फुले वाड्यावर गेलात तर तो हौद जरूर बघा.

आता थोडा वेळ अमेरिकेत जाऊ या.

तिथं आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना गुलाम म्हणून राबवत. बाजारात गुरं विकावीत तशी माणसं विकत. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे. १८५० मध्ये असा कायदा झाला, की पळून आलेल्या गुलामाला पकडून मालकाकडे परत द्यायला मदत करावी लागे. हे पाहून हॅरिएट बीचर स्टोव या बाईंनी एक कादंबरी लिहिली : ‘अंकल टॉम्स केबिन’. १८५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि एका वर्षात अमेरिकेतच तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिच्यात एलायझा नावाची आई आहे. लेकराला विकणार हे कळल्यावर ती त्याला छातीशी धरून नदीतल्या बर्फाच्या तुकड्यांवरून पळते. ज्यांनी गुलामगिरी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांनी घरात बसून हे वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दूरची गोष्ट आपल्या घरातली वाटू लागली.

पण एक लक्षात ठेवा. एका कादंबरीमुळे गुलाम सुटले, असं लिहिलंत तर उत्तर अर्धंच होईल. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे, स्वतः गुलामीतून निसटलेले लोक गावोगाव भाषणं करत होते, वर्तमानपत्रं काढत होते. पुढे १८६१ ते १८६५ असं मोठं युद्ध झालं आणि १८६५ च्या शेवटी राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली. पुस्तकानं मनं तयार केली. काम मात्र माणसांनाच करावं लागलं.

ही अमेरिकेतली हकिगत जोतीरावांना ठाऊक होती. गोऱ्या लोकांपैकी कितीतरी जण काळ्या गुलामांसाठी लढले, त्यांनी स्वतःचं नुकसान सोसलं, याचं त्यांना फार मोल वाटलं. आपल्या देशातल्या लोकांनीही तसाच कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना मोकळं करावं, या इच्छेनं त्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना अर्पण केलं.

तुम्ही विचाराल, पुण्यात कुठं माणसांचा बाजार भरत होता? बरोबर आहे. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्यानं गुलामगिरीचा आधार काढून घेतला होता. पण ज्याला शाळेत बसू देत नाहीत, पाणवठ्यावर येऊ देत नाहीत आणि हे सगळं देवानंच ठरवलंय असं ज्याच्या मनावर बिंबवलंय, तो मोकळा आहे का? पायातली बेडी दिसते, मनातली दिसत नाही. जोतीरावांनी या न दिसणाऱ्या बेडीला तिचं खरं नाव दिलं : गुलामगिरी.

‘गुलामगिरी’ ही कादंबरी नाही, तो संवाद आहे. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरं देतात. पुराणातल्या गोष्टी ते उलट्या बाजूनं बघायला लावतात. वामनानं बळीला पाताळात घातलं म्हणतात. मग आपल्याकडच्या बायका ओवाळताना बळीचं राज्य येवो असं का म्हणतात? शेतकऱ्याला बळीराजा का म्हणतात? ऐकलेलं सगळं खरं न मानता प्रश्न विचारा, हीच या पुस्तकाची शिकवण.

आणि इथंही पुस्तक कपाटात राहिलं नाही. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. भटजींशिवाय लग्नं लागू लागली. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी धडपड सुरू झाली. याच समाजातल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली.

१८८८ मध्ये मुंबईच्या सभेत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा ते डाव्या हातानं लिहायला शिकले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं. ते पुस्तक छापून आलं त्यानंतर, १८९१ मध्ये.

गोष्ट इथं संपत नाही. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्र पूर्वी कोण होते, या विषयावर ग्रंथ लिहिला. तो त्यांनी कुणाला अर्पण केला, माहीत आहे? महात्मा जोतीराव फुले यांना! अमेरिकेतल्या लढ्याची वात पुण्यात पेटली आणि पुण्यातली वात बाबासाहेबांच्या हाती गेली.

मुलांनो, आता एक काम करा. घरातलं किंवा शाळेतलं एखादं पुस्तक घ्या आणि त्याची अर्पणपत्रिका वाचा. ते कुणाला अर्पण केलंय आणि का, हे शोधा. मग वहीत लिहा : तुम्ही पुस्तक लिहिलंत, तर ते कुणाला अर्पण कराल आणि कोणती बेडी तोडण्यासाठी लिहाल?

महात्मा जोतीराव फुले यांना विनम्र अभिवादन!