ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

इंग्रज म्हटला की व्यापारी किंवा राज्यकर्ता डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेपूर्वी एकवीस वर्षे, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, गोव्याच्या बंदरात उतरलेला एक इंग्रज या दोहोंपैकी कोणीच नव्हता. विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे धर्मोपदेशक होते. इंग्लंडात त्या काळी कॅथलिकांना छळ सोसावा लागे. स्वदेशात ज्यांच्या धर्माला थारा नव्हता, तेच येथे इतरांचा धर्म मोडू पाहणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने आले. त्यांचे चरित्र वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तेथील देवळे पोर्तुगीजांनी नुकतीच जमीनदोस्त केली होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीय पाद्र्यांना ठार मारले आणि पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांनाही पोर्तुगीजांनी मारले. अशा वातावरणात परक्या पाद्र्याने लोकांचे मन जाणावे तरी कसे?

स्टीफन्स भाषेकडे वळले. हिंदुस्थानी भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला कळविले होते. कोकणीचे व्याकरण त्यांनी रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. परंतु त्यांची खरी कसोटी निराळीच होती. धर्मांतरित लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. देव बदलला, तरी संध्याकाळी चार माणसांत बसून ओवी ऐकण्याची ओढ कशी बदलावी? पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असे एका ब्राह्मणाने पाद्रीला विचारल्याचा प्रसंग स्टीफन्सनी ग्रंथारंभीच घातला आहे. ते पुराण त्यांनी स्वतःच मराठीत लिहिले.

१६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. देवनागरी खिळे नसल्याने तो रोमन अक्षरांत निघाला. त्यात स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. शब्द विष्णुभक्तांचा आणि अर्थ बायबलचा! हा शब्द ऐकणाऱ्या साष्टीकराच्या मनात नेमके काय उमटत असेल? जुने वैकुंठ त्यातून पुसले गेले असेल, असे मला तरी वाटत नाही. स्टीफन्सनाही ते ठाऊक असावे. नाहीतर कोरा परका शब्द त्यांनी खुशाल वापरला असता. मात्र ज्या देवळांतून ही भाषा घडली, त्यांचे सत्य त्यांनी कधी मान्य केले नाही. ओवीचा गोडवा त्यांना कळला. ती गाणाऱ्याची श्रद्धा त्यांच्या लेखी अज्ञानच राहिली.

१६१९ मध्ये ते गोव्यातच निवर्तले. ग्रंथ मात्र १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला आणि चर्चमध्ये गाइला जात राहिला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्धच फर्मान काढले. श्री. शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत प्रसिद्ध केला, तो १९५६ मध्ये, पुण्यास.